गोष्ट राहू दे, आधी हालचाल शोध

पत्र

‘ॲनिमेशनच्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा नुकतीच संपली. उन्हाळ्याची सुट्टी लागलीय, जवळजवळ दोन महिन्यांची. तिसऱ्या वर्षी प्रत्येकाला स्वतःची शॉर्टफिल्म करायची असते आणि सरांनी बजावलंय, की सुट्टीवरून येताना कल्पना घेऊनच या. मी रोज वही उघडून बसते. “एकटेपणा”, “युद्ध”, “आठवणी” असे विषय लिहिते आणि खोडते. प्रेरणा मिळावी म्हणून रोज तीन-चार शॉर्टफिल्म बघते. पण बघून झाल्यावर वाटतं, की सगळं करून झालंय, माझ्यासाठी काही उरलेलंच नाही. वर्गातले बाकीचे कुणी शोरील (आपल्या निवडक कामाचा व्हिडिओ) बनवतायत, कुणी इंटर्नशिप करतायत. मला सॉफ्टवेअर उघडायचीसुद्धा इच्छा होत नाही. मी चुकीच्या क्षेत्रात आलेय का?

ता. क. नवा पेन टॅब्लेट घेतला तर उत्साह येईल का?’

– कोरी वही

उत्तर

प्रिय ‘कोरी वही’,

चुकीच्या क्षेत्रात आलीस की काय, याचा निवाडा सुट्टीच्या पहिल्या आठवड्यात करायचा नसतो. वर्षभर सबमिशनच्या धास्तीनं रात्र-रात्र जागून वॉक सायकल, म्हणजे पात्राची चाल, दुरुस्त करणाऱ्या माणसाला सॉफ्टवेअरचं तोंड बघावंसं वाटत नाही, यात नवल ते काय? दमलेल्या डोक्याला विषय सुचत नाहीत, झोप सुचते. तेव्हा आधी झोप काढ. वही मिटून ठेव आणि मिटली म्हणून स्वतःला बोल लावून घेऊ नकोस. आठवडा-दहा दिवस काहीच केलं नाही म्हणून कुणाची शॉर्टफिल्म बुडालेली नाही.

आता खऱ्या अडचणीकडे येऊ. ती तुझ्या पत्रातच लिहिलेली आहे: एकटेपणा, युद्ध, आठवणी. या विषयांत वाईट काही नाही, निबंधाला तर ते उत्तमच आहेत. पण यातलं हलतं काय? एकटा माणूस दार कसं उघडतो? जेवून झाल्यावर ताट उचलायला किती वेळ लावतो? हे ठाऊक नसेल, तर ‘एकटेपणा’ हा शब्द वहीत कितीही वेळा लिहिलास तरी पेन्सिलीला काम मिळत नाही. विद्यार्थ्यांच्या फिल्म बघताना मला हे वारंवार दिसतं. विषय मोठा असतो, आणि पडद्यावर एक आकृती खिडकीशी बसलेली असते. बाहेर पाऊस, हळूहळू पुढे सरकणारा कॅमेरा, मागे पियानो. पात्र हलतच नाही, कारण ते कसं हलेल हे करणाऱ्यानं कधी बघितलेलंच नसतं. मग सगळा भार संगीतावर येतो.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. या सुट्टीत गोष्ट शोधू नकोस, विषय तर मुळीच नको. तुला धरून ठेवणारी एखादी हालचाल शोध. एकच. जी बघताना तू थांबतेस, आणि घरी आल्यावरही जी डोळ्यांसमोरून जात नाही, अशी. ॲनिमेशनमध्ये गोष्ट पुष्कळदा तिच्या मागून चालत येते.

ही माझ्या मनाची थिअरी आहे असं वाटत असेल तर एक उदाहरण देते. 1986 साली पिक्सार या ॲनिमेशन स्टुडिओनं ‘लक्सो ज्युनियर’ ही दोन मिनिटांची छोटी फिल्म केली, एका मोठ्या टेबल-लॅम्पची आणि एका पिल्लू लॅम्पची. तू ती नक्की पाहिली असशील. तिचा दिग्दर्शक जॉन लॅसेटर त्या वेळी संगणकावर मॉडेल कसं घडवायचं हे शिकत होता. समोर टेबलावर वाकत्या मानेचा लॅम्प होता, म्हणून त्यानं तोच घडवायला घेतला. त्यात ना विषय होता, ना संदेश. त्याच सुमारास एक सहकारी आपल्या तान्ह्या मुलाला घेऊन ऑफिसात आला. लॅसेटर त्या बाळाशी खेळता खेळता त्याच्या अंगाची प्रमाणं निरखत राहिला: अंगाच्या मानानं डोकं केवढं मोठं, हातपाय केवढे आखूड. मग त्याच्या मनात आलं, या लॅम्पचं बाळ असतं तर कसं दिसलं असतं? दांड्या आखूड झाल्या, शेड लहान झाली, पण बल्ब मात्र मोठ्या लॅम्पइतकाच ठेवला. बल्ब काही वाढत नाही, तो दुकानातून येतो! असला तपशील विषयांच्या यादीतून सापडत नाही. तो बाळाकडे आणि बल्बकडे नीट बघणाऱ्यालाच सुचतो.

पुढचा भाग तर आणखी कामाचा आहे. लॅम्पच्या हालचालीच्या काही चाचण्या त्यानं ब्रसेल्सच्या एका ॲनिमेशन महोत्सवात दाखवल्या. तिथं राऊल सर्व्हे या बेल्जियन ॲनिमेटरनं त्याला विचारलं, यात गोष्ट काय आहे? लॅसेटरचं म्हणणं पडलं, की एवढ्याशा लांबीत गोष्ट कुठून बसणार. सर्व्हेनं त्याला सुनावलं, की दहा सेकंदांतही गोष्ट सांगता येते. फिल्ममधला चेंडू, पिल्लाचा खोडकरपणा, चेंडू फुटल्यावरचं ओशाळणं हे सगळं त्या संभाषणानंतर आकाराला आलं. म्हणजे गोष्ट लागतेच, सर्व्हेशी माझं अजिबात भांडण नाही. पण ती आली तेव्हा लॅम्प आधीच हलत होता.

तू म्हणशील, हालचाल शोध म्हणजे नेमकं काय करू? खुर्चीतून उठणारा माणूस बघ. खरंच. घरातल्याच कुणालातरी बघ, त्यांना न सांगता. उठण्याआधी पावलं थोडी मागे, गुडघ्यांच्या आत सरकतात. मग धड पुढे झुकतं, इतकं की नाक जवळजवळ पायाच्या बोटांच्या वर येतं. या क्षणी माणूस वर जातच नसतो, उलट डोकं खाली येत असतं. वजन पावलांवर आलं की मगच बैठक सुटते आणि गुडघे-कंबर सरळ होऊ लागतात. हे पुढे झुकणं विसरून पात्राला सरळ वर उचललंस, तर ते दोरीनं ओढल्यासारखं दिसतं. मग तू दोन दिवस ‘ग्राफ एडिटरमध्ये (सॉफ्टवेअरमध्ये हालचालीचा वेग आलेखातून बदलतात तिथं) काहीतरी गडबड आहे’ म्हणत बसतेस. गडबड ग्राफमध्ये नसते.

हे झालं कुणाच्याही उठण्याचं. आता फरक बघ. धडधाकट तरुण माणूस साधारण सेकंदाभरात उठून मोकळा होतो, म्हणजे तुझ्या टाइमलाइनवर चोवीसेक फ्रेम. गुडघे दुखणारं माणूस आधी खुर्चीच्या कडेला सरकतं, खुर्चीच्या हातांवर हात टेकवतं, एकदा पुढे झुकून अंदाज घेतं, परत मागे येतं आणि दुसऱ्या झोक्याला उठतं. उठल्यावर लगेच चालत नाही, क्षणभर उभं राहतं. ज्याला उठायचंच नाहीये त्याचं तिसरंच. त्याचं अंग उठतं, पण नजर जिथं होती तिथंच राहते आणि मान सगळ्यात शेवटी वळते. या तिघांना शेजारी-शेजारी ठेव. एकच खुर्ची, तीन माणसं, आणि कुणीही एक शब्द बोललेलं नाही. तुझा ‘एकटेपणा’ आणि तुझ्या ‘आठवणी’ यात कुठं लपल्यात का, हे आता तूच बघ.

डोळ्यांवर मात्र आंधळा विश्वास टाकू नकोस. शेकडो वर्षं चित्रकार चौखूर उधळलेला घोडा काढताना पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणलेले दाखवत. पाहणाऱ्यांनाही ते पटत असे. 1878 मध्ये कॅलिफोर्नियात एडवर्ड मायब्रिज या छायाचित्रकारानं धावपट्टीच्या कडेला ओळीनं 12 कॅमेरे लावले आणि धावता घोडा टप्प्याटप्प्यानं टिपला. चारही खूर एकाच वेळी जमिनीवरून सुटतात, हे खरंच निघालं. पण ते सुटतात तेव्हा पाय ताणलेले नसतात, पोटाखाली गोळा झालेले असतात. नेमका उलटा प्रकार! घोडे रोज बघणाऱ्या माणसांनाही हे दिसलं नव्हतं. म्हणून स्केच करताना क्रम असा ठेव: आधी बघ, मग न बघता आठवणीतून पाच-सहा पोझ काढ, आणि त्यानंतरच मोबाइलवर तीच कृती शूट करून एकेक फ्रेम पुढे सरकवत पडताळ. आठवणीतलं चित्र आणि प्रत्यक्षातली फ्रेम यांत जिथं तफावत पडते, तिथंच तुला काहीतरी नवं मिळतं. पहिल्यापासून व्हिडिओच लावून बसलीस तर हात नक्कल शिकेल, डोळा काही शिकणार नाही.

आणि हो, अनोळखी माणसांचे व्हिडिओ त्यांना न विचारता काढू नकोस. त्यांच्यासाठी वही आहे. शूट करायचं तर स्वतःला कर. दार लावून एकटीनं खुर्चीतून वीस वेळा ऊठ. वेडगळ दिसतं, पण या धंद्यात सगळेच करतात.

जनावरांचंही असंच. ‘बांबी’ हा चित्रपट 1942 मध्ये आला. त्यासाठी डिस्नेच्या स्टुडिओत हरणाची खरी पाडसं आणून ठेवली होती, चित्रकारांना ती जवळून बघत काढता यावीत म्हणून. तुला हरीण नको. खिडकीच्या कट्ट्यावर झेपावणारं मांजर पुरे. उडी मारण्याआधी ते किती वेळ नुसतं बघतं ते मोज. उडी क्षणात संपते, पण तिच्याआधीचा विचार बराच वेळ चालतो. मागचे पाय जागच्या जागी दोन-तीनदा हलतात, वजन तोलून बघतात. ॲनिमेशनच्या बारा तत्त्वांमधलं ‘अँटिसिपेशन’, म्हणजे कृतीआधीची तयारी, तू परीक्षेत व्याख्येसकट लिहिलं असशील. मांजर ते व्याख्येपेक्षा बरंच जास्त ताणतं, आणि कधीकधी सगळी तयारी करून उडी रद्दही करतं. ती रद्द केलेली उडी मला स्वतःला कुठल्याही उडीपेक्षा जास्त आवडते.

सॉफ्टवेअर उघडावंसं वाटत नाही म्हणतेस, तर उघडू नकोस ना. सुट्टीत ते उघडलंच पाहिजे असा कुठं नियम आहे? दादासाहेब फाळक्यांनी पहिला चित्रपट काढण्याआधी काय केलं, ते आठव. 1912 मध्ये लंडनहून कॅमेरा आणला, कुंडीत वाटाणे पेरले, कॅमेरा समोर ठेवला आणि महिन्याहून अधिक काळ त्या रोपांचं टप्प्याटप्प्यानं चित्रण केलं. कोंब फुटून वेल चढेपर्यंतचा सगळा प्रवास मिनिटभरात पडद्यावर आला. तो तुकडा बघून त्यांना भांडवल द्यायला माणसं पुढे आली. तुझ्या मोबाइलमध्ये हे करण्यापुरती सोय आहे, आणि तुझ्या हातात सुट्टीही तेवढीच लांब आहे. मोबाइल घट्ट बसवायला जागा मात्र पक्की शोध आणि उजेड रोज सारखा राहील असं बघ. नाहीतर रोप वाढण्याऐवजी थरथरताना दिसेल.

किंवा वाळू घे. ॲनिमेटर कॅरोलिन लीफ हार्वर्डमध्ये शिकत असताना तिनं खालून उजेड येणाऱ्या काचेवर वाळू पसरली आणि बोटांनी आकार सरकवत, दर वेळी एक फ्रेम टिपत, 1969 मध्ये आपली पहिली फिल्म केली. यात एक मोठी गंमत आहे. पुढची फ्रेम करायची तर आधीची पुसावीच लागते. मागे जाऊन दुरुस्ती नाही, ‘अनडू’ नाही. तुझ्यासारख्या लिहून-खोडणाऱ्या मुलीला हे औषध म्हणून सांगतेय. काळा कागद आणि कात्री घेतलीस तरी चालेल. लोटे रायनिगर या जर्मन ॲनिमेटरनं कागदातून कापलेल्या सावल्यांच्या बाहुल्यांनी पूर्ण लांबीचा चित्रपट केला, तोही 1926 साली. ॲनिमेटर नॉर्मन मॅकलॅरन कॅमेऱ्याला फाटा देऊन थेट फिल्मच्या पट्टीवरच चित्रं काढायचा. फिल्मच्या कडेला असणाऱ्या आवाजाच्या पट्टीवरही तो रेघा ओढायचा आणि त्यातून सूर निघायचे. या सगळ्यांच्या हालचालीला आपापल्या साहित्याचा स्वभाव लागलेला आहे. वाळू वितळल्यासारखी बदलते, कागद खटक्यानं वळतो. एकच उठणारा माणूस वाळूत करून बघ आणि मग कागदात. तो दोन वेगळी माणसं होतो. कुठलं साहित्य आपल्याला हवं, हे ठरवायला सुट्टीइतकी स्वस्त वेळ पुन्हा मिळत नाही. तिसऱ्या वर्षी डेडलाइन डोक्यावर असताना प्रयोग कुणी करत नाही, सगळे येतं तेच करतात.

रोज तीन-चार फिल्म बघणं मात्र थांबव. निदान काही दिवस. तयार फिल्म बघून हुरूप येण्याऐवजी धाप लागते, कारण आपण तिचा शेवट बघत असतो आणि तुलना करतो आपल्या सुरुवातीशी. आवडलेली एकच निवड. तिच्यातला पाच सेकंदांचा एकच शॉट निवड, म्हणजे 120 फ्रेम, आणि त्या एकेक करून सरकव. चित्र बदलतं कुठं आणि थांबतं कुठं, ते कागदावर आकड्यांत मांड. हातानं काढलेल्या कामात बहुतेक ठिकाणी ‘ऑन टूज’ सापडेल, म्हणजे एकेक चित्र दोन-दोन फ्रेम टिकणारं, सेकंदाला बाराच चित्रं. काही ठिकाणी आठच. आणि काही क्षणी चित्र चक्क स्थिर असेल, तेही तुला सगळ्यात जिवंत वाटलेल्या जागी. असा एक शॉट सोलून काढलास, की ‘सगळं करून झालंय’ ही भावना बरीच ओसरते. कारण मग तुला फिल्म दिसत नाही, कुणीतरी घेतलेले निर्णय दिसतात. आणि निर्णय घेणं आपल्यालाही जमू शकतं असं वाटू लागतं.

वर्गमित्रांचं म्हणशील, तर शोरील करणाऱ्यांना करू दे. इंटर्नशिपही चांगलीच गोष्ट आहे, पण तिथं तू दुसऱ्याच्या फिल्मचं काम शिकतेस आणि तुझा आत्ताचा प्रश्न स्वतःच्या फिल्मचा आहे. लोक सुट्टीत काय करतायत याचे जे फोटो टाकतात, त्यांत कोरी वही कुणीच टाकत नाही, एवढं ध्यानात ठेव.

आता सरांचं काय करायचं? ते कल्पना मागतायत आणि मी तुला मांजरं बघायला पाठवतेय. सुट्टी संपताना तुझ्याकडे एका परिच्छेदाचं कथासार नसेल, पण पाच-सहा छोट्या चाचण्या असतील. प्रत्येकी चार-पाच सेकंदांच्या, कच्च्या, रंगाशिवायच्या. खुर्चीतून न उठू इच्छिणारा माणूस. उडी रद्द करणारं मांजर. दोरीवर वाळत घातलेला शर्ट, ज्याची बाही वारा थांबल्यावरही थोडा वेळ झुलत राहते. त्या सगळ्या एका ओळीत लावून बघ आणि स्वतःला सर्व्हेचा प्रश्न विचार: यात गोष्ट काय आहे? दोन चाचण्या शेजारी आल्या की काहीतरी घडतंच. न उठणारा माणूस आणि झुलणारी बाही एकामागोमाग दाखवली, तर बघणारा आपणहून विचारतो, शर्ट कुणाचा? मी तुला उत्तर देणार नाही, कारण फिल्म तुझी आहे. पण ‘आठवणी’ हा शब्द लिहून-खोडून जे मिळालं नव्हतं, ते इथं हाताशी येतं. कुठलाही जाणता शिक्षक गुळगुळीत कथासारापेक्षा अशा चाचण्यांवर जास्त बोलेल. आणि कथासार हवंच असेल त्यांना, तर या चाचण्यांवरून ते एका संध्याकाळी लिहून होईल.

एक शक्यता उरते. बघून, काढून, वाळूत हात घालूनही तुला कुठल्याच हालचालीनं धरून ठेवलं नाही तर? मग तिसऱ्या वर्षी कदाचित पार्श्वभूमी, कथाफलक, आवाज किंवा संकलन यांपैकी कशात तरी तुझं मन रमेल. ॲनिमेशनमध्ये हलवणाऱ्यांखेरीज पुष्कळ माणसं लागतात. शर्टाकडे बघताना बाहीऐवजी त्यामागचा उजेड तुझ्या ध्यानात राहिला, तर तीही एक खूणच आहे. क्षेत्र चुकलं असा त्याचा अर्थ लावू नकोस.

राहिला टॅब्लेट. नवा आणला की उत्साह येतो, आठवडाभर टिकतो आणि ब्रशच्या सेटिंगमध्ये संपतो. जुना चालत असेल तर चालू दे. पैसे बाजूला टाकलेच असतील, तर त्यातून एक बाहेरची हार्ड डिस्क घे आणि दुसऱ्या वर्षाचं सगळं काम आजच तिच्यावर उतरवून ठेव. तिसऱ्या वर्षी फाइल उडाल्याची पत्रं मला दर हंगामात येतात, आणि त्यांना देण्यासारखा सल्ला माझ्याकडे नसतो.